पहिली रांग कुणाची?

ग्वाल्हेरच्या रसिकाला उत्तम ते फुकट ऐकायची शंभर वर्षांची सवय आहे. १९२४ साली शिंदे सरकारच्या आश्रयाने सुरू झालेल्या तानसेन समारोहाने २०२४ च्या डिसेंबरात शताब्दी साजरी केली. शाल गुंडाळून तानसेनच्या समाधीपाशी जायचं, देशातले पहिल्या फळीचे गवई रात्री उशिरापर्यंत ऐकायचे आणि खिशाला हात लावायचा नाही, ही इथली रीत. गणेशोत्सवातले कार्यक्रमही असेच. पुण्या-मुंबईचं नाटक ग्वाल्हेरच्या लष्कर भागात येतं तेही बहुधा मंडळाने कंपनीला ठरावीक रक्कम देऊन आणलेलं असतं; सभासदांना ते वर्गणीत पडतं. तिकीट विकत घ्यायचं आणि त्यावर लिहिलेल्या नंबराच्याच खुर्चीवर जाऊन बसायचं, हा सराव इथे मुख्यतः सिनेमाने दिला.

अशा गावात कुणी तरुण मंडळी इम्प्रॉव्हचा तिकीट लावून प्रयोग करायचं मनावर घेत असतील, तर त्यांनी विनोदाइतकाच विचार खुर्च्यांचा करावा. चार प्रयोग चांगले झाले, गावभर बोलबाला झाला, पाचव्याला दारात तोबा गर्दी उसळली आणि सहावा प्रयोग कधी झालाच नाही, असं घडायला वेळ लागत नाही. विनोद फसला तर लोक विसरतात. तिकीट काढून उभं राहावं लागलं, तर मात्र दहा वर्षं सांगत फिरतात.

इम्प्रॉव्ह म्हणजे संहिता नसलेला खेळ. चार-सहा नट रिकाम्या रंगमंचावर येतात, समोरच्यांकडून एखादा शब्द, एखादी जागा, एखादं नातं मागून घेतात आणि तिथल्या तिथे प्रवेश रचतात. व्हायोला स्पोलिन या अमेरिकन बाईंनी मुलांसाठी नाट्यखेळ तयार केले. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स आणि त्यांच्या साथीदारांनी १९५९ च्या डिसेंबरात शिकागोत ‘सेकंड सिटी’ सुरू केलं आणि हा प्रकार रंगभूमीवर रुजला. मराठी माणसाला यात परकं वाटावं असं काही नाही. तमाशातली बतावणी याच जातीची. सोंगाड्या समोर बसलेल्याच्या फेट्यावरही कोटी करून जातो. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ला संहिता होती, पण दादा कोंडके तिच्यात रोजच्या घडामोडींची अशी भर घालत की कालचा आणि आजचा प्रयोग सारखा नसे आणि लोक तेच वगनाट्य पुन्हा पुन्हा बघायला येत.

लिहिलेल्या नाटकाला प्रेक्षक कमी आले तर नट हिरमुसतात, पण नाटक तेच राहतं. इम्प्रॉव्हमध्ये अर्धं नाटक प्रेक्षक घेऊन येतो. तो कुठे बसलाय, शेजारी कोण आहे, त्याचा आवाज रंगमंचापर्यंत पोचतो की नाही, यावर खेळ चढतो किंवा पडतो. शिवाय इथे जे हुकलं ते हुकलंच, पुढच्या रविवारी तोच प्रवेश पुन्हा बघायला मिळत नाही. म्हणून तिकीट आणि बैठक या दोन्ही गोष्टी मी दिग्दर्शनातच धरतो.

सभागृह मागणीपेक्षा लहान घ्या

लष्करात आणि आसपास जागा बऱ्याच आहेत. दाल बाजारात आर्टिस्ट्स कम्बाइनचं नाट्यमंदिर आहे, जिथे मराठी आणि हिंदी नाटकाचा राबता जुना आहे. महाराज बाड्यावर टाउन हॉल आहे. एके काळी तिथे रीगल टॉकीज चालायची, आता स्मार्ट सिटी योजनेत डागडुजी होऊन तिथे पुन्हा सभागृह झालं आहे. शाळा-महाविद्यालयांची सभागृहं वेगळीच. नवख्या मंडळींचा कल मोठ्या हॉलकडे असतो, कारण पोस्टरवर नाव भारदस्त दिसतं. माझा सल्ला उलटा आहे. दीडशे लोक येतील असं वाटत असेल तर सव्वाशे खुर्च्यांची जागा शोधा. हजार खुर्च्यांत विखुरलेले तीनशे लोक एकमेकांचं हसू ऐकत नाहीत. खांद्याला खांदा लावून बसलेले सव्वाशे लोक छप्पर उडवतात.

न्यूयॉर्कमध्ये ‘अपराइट सिटिझन्स ब्रिगेड’ नावाच्या मंडळींनी १९९९ मध्ये आपलं लहानसं थिएटर थाटलं. त्यांचा रविवार रात्रीचा इम्प्रॉव्हचा प्रयोग वर्षानुवर्षं गाजला. त्यातला उशिराचा खेळ फुकट असे, नावाजलेले नट अचानक हजेरी लावत आणि रांग फुटपाथवरून लांबत जाई. संध्याकाळीच रांगेतल्या लोकांना प्रवेशाची तिकिटं वाटून टाकायची आणि उरलेल्यांना मोकळं करायचं, अशी त्यांची पद्धत होती. यातलं उचलण्याजोगं एवढंच की रांगेतल्या शेवटच्या माणसाला आपला नंबर लागणार की नाही, हे लवकरात लवकर कळलं पाहिजे. दोन तास ताटकळत ठेवून दारातून परत पाठवणं हा गुन्हा आहे. आणि ही मंडळी बराच काळ मोठ्या हॉलमागे धावली नाहीत, हेही लक्षात घ्या.

तारीख निवडताना गावाचं पंचांग बघा. १९०५ पासून भरणारा ग्वाल्हेरचा मेळा डिसेंबरअखेरीपासून पुढे कित्येक आठवडे चालतो. त्या काळातल्या रविवारी संध्याकाळी अर्धं गाव मेळ्यात असतं. तानसेन समारोहाच्या आठवड्यात तर स्पर्धेत उतरूच नये. लग्नसराईत बाड्याभोवतीच्या रस्त्यांवर वराती असतात. तिथे एरवीही गाडी लावायला जागा मिळवणं हा वेगळाच खेळ, म्हणून तिकिटावर वाहन कुठे लावायचं ते स्पष्ट छापा. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्यांचा भरवसा नसतो. मुरैना, डबरा, झाशीहून येणारे असतील तर खेळ साडेसहाला सुरू करून साडेआठच्या आत संपवा.

पास

आता अवघड विषय. लष्करात प्रयोगाची बातमी फुटली की पहिला प्रश्न ‘तिकीट कितीला?’ असा नसतो. ‘दोन पास ठेवा हं आमचे’ असा असतो. सांगणारे काका तुमच्या वडिलांचे मित्र असतात, मावशींनी तुम्हाला शाळेत शिकवलेलं असतं, आणि तिसरे नाना मंडळाचे माजी पदाधिकारी असतात. या सगळ्यांना हो म्हणत गेलं की अडीचशेतल्या साठ खुर्च्या पासांत जातात. त्यांतले निम्मे लोक येत नाहीत, कारण फुकटचा पास घरी ठेवायला काहीच पडत नाही. मग तिकीट न मिळालेले लोक बाहेर आणि मोकळ्या खुर्च्या आत, असं विचित्र चित्र दिसतं.

यावर उपाय एकच. पहिल्या प्रयोगाच्या आधी मंडळींनी बसून आकडा ठरवावा आणि कागदावर लिहावा. अडीचशे खुर्च्यांमागे सहा राखीव जागा पुरतात: दोन सभागृहवाल्यांच्या, दोन वार्ताहरांच्या, दोन ऐन वेळच्या अडचणीसाठी. एखादी खुर्ची मोडकी निघते, एखादं तिकीट चुकून दोनदा गेलेलं असतं, तेव्हा याच दोन जागा अब्रू वाचवतात. बाकी सगळ्यांनी तिकीट काढावं, अगदी नटांच्या आई-वडिलांनीसुद्धा. ‘काका, तिकीट माझ्याकडून, पण तिकीटच’ असं म्हणून स्वतःच्या खिशातले पैसे भरायचे असतील तर खुशाल भरा. हिशेबात ती खुर्ची विकलेलीच दिसली पाहिजे.

प्रायोजक असेल तर त्याला तिकिटं द्या, पण पाचव्या-सहाव्या रांगेतली. कारण पहिल्या रांगेचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे पहिल्या रांगेच्याही पुढे सोफे मांडायची प्रथा आहे. पाहुणे उशिरा येतात, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, मध्यंतराआधीच त्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं असतं, आणि उरतो तो नट आणि प्रेक्षक यांच्यामधला रिकाम्या सोफ्यांचा खंदक. भाषणाच्या किंवा गाण्याच्या कार्यक्रमात हे एक वेळ खपतं. इम्प्रॉव्हमध्ये नटाने ‘एखादं दुकान सांगा’ म्हटल्यावर उत्तर आलं पाहिजे ते पहिल्या तीन रांगांतून, आणि तत्काळ. तिथे कुणी नसेल किंवा घडी न मोडता बसलेले सन्माननीय असतील तर खेळ दहाव्या मिनिटाला बसतो. सोफे उचलायला सांगा. सभागृहाचा माणूस कुरकुर करेल, करू द्या. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक यांतलं काहीही तिसऱ्या घंटेनंतर नको.

दर

नाटकात पुढच्या खुर्च्या महाग आणि मागच्या स्वस्त असतात. मी इम्प्रॉव्हसाठी हे उलटं करायला सांगेन. पुढच्या तीन रांगा विद्यार्थ्यांना ओळखपत्र दाखवून सवलतीत द्या, मधल्या रांगांना पूर्ण दर लावा. तरुण प्रेक्षक बिनधास्त ओरडून शब्द देतो, चटकन हसतो, आणि त्याचं हसू मागे पसरत जातं. कीथ जॉन्स्टन या इंग्लिश नाट्यशिक्षकाने ‘थिएटरस्पोर्ट्स’ हा इम्प्रॉव्हचा सामन्यासारखा प्रकार काढला, तो कुस्तीच्या आखाड्याभोवती आरडाओरडा करणारा प्रेक्षक बघून. त्याला रंगभूमीवर तसा प्रेक्षक हवा होता. पुढे कॅनडात कॅलगरीला त्याने ‘लूज मूस’ ही संस्था काढली आणि तिथून हा खेळ जगभर गेला. तुम्हालाही पुढे आखाड्यातलाच प्रेक्षक हवा आहे. शांतपणे बघू इच्छिणाऱ्यांसाठी सातव्या रांगेपासून मागची जागा उत्तम.

दोनपेक्षा जास्त दर ठेवू नका. दारात वाद होतात. नाट्यप्रयोगाच्या प्रवेशावर माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही (ही मर्यादा आधी २५० होती, २०१८ च्या जानेवारीत वाढली). लष्करात नव्या मंडळींचं तिकीट तसंही त्याच्या पुष्कळ खाली राहील. तरी तुमचा खेळ नाट्यप्रयोगात बसतो ना, हे एखाद्या सनदी लेखापालाला आधी विचारा. राज्याचा करमणूक कर जीएसटीत विरला असला तरी स्थानिक संस्थांचा अधिकार शिल्लक आहे, त्यामुळे नगर निगमच्या कार्यालयातही एक चक्कर मारा. या दोन्ही चौकशा पोस्टर छापायच्या आधी करायच्या.

एकच प्लॅन

पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत बुकिंगच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसापुढे एक कागद असे. त्याला प्लॅन म्हणतात. सगळ्या खुर्च्यांचा नकाशा, विकली की पेन्सिलीची फुली. कागद एकच असल्यामुळे एक खुर्ची दोघांना जाणं अवघड. आज विक्री बुकमायशोवर होते, प्रशांत दामले यांनी मराठी नाटकांसाठी काढलेल्या ‘तिकिटालय’वर होते, व्हॉट्सअपवर होते आणि लष्करच्या खासगी बाजार या पेठेतल्या ओळखीच्या दुकानावरही होते. चार ठिकाणी विक्री आणि प्लॅन मात्र कुणाकडेच नाही, तिथे दुहेरी विक्री ठरलेली.

ऑनलाइन विकायचं असेल तर रांगा वाटून टाका. समजा ए ते सी विद्यार्थ्यांसाठी, हाताने विकायच्या; डी ते जे ऑनलाइन; के पासून मागच्या खिडकीवर. एका वाट्यातली खुर्ची दुसऱ्याने विकायची नाही. ऑनलाइन विक्री प्रयोगाच्या दिवशी दुपारी बंद करा, उरलेल्या खुर्च्या खिडकीच्या कागदावर उतरवा, आणि त्यानंतर फक्त तो कागद खरा. प्लॅन एकाच माणसाच्या हातात असावा. हा माणूस नट नको. नटाला त्या दिवशी शंभर लोक फोन करतात आणि तो सगळ्यांना हो म्हणतो.

फोनवर ‘आमच्या चार धरून ठेवा’ असं सांगितलं तर धरून ठेवायच्या नाहीत. पैसे आले की जागा, नाहीतर नाही. यूपीआयने पैसे घेताना समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट मानू नका. आपल्या खात्यावर जमा दिसली पाहिजे. दारात घाई असते आणि जुना स्क्रीनशॉट दाखवून आत जाणारे सगळ्या गावांत असतात. मागणी फार असेल तर माणशी सहा तिकिटांची मर्यादा घाला. ‘आमचा अख्खा वाडा येतोय, चौदा जण’ असं सांगणाऱ्या वहिनींना मर्यादेतून सूट द्या, पण एकगठ्ठा, एका वेळी, आणि मधल्या रांगांत दोन ओळींत सात-सात. चौदा जणांना एका ओळीत बसवलं की ते आपसातच नाटक करतात.

तिकिटावर प्रयोगाची भाषाही लिहा. लष्करातल्या मराठी घरांत संभाषण एका वाक्यात मराठी आणि पुढच्या वाक्यात हिंदी असं चालतं, आणि खेळही बहुधा तसाच होईल. हिंदी भाषक शेजाऱ्याने तिकीट काढून आत येऊन बावचळू नये आणि शुद्ध मराठीच्या अपेक्षेने आलेल्या आजोबांनीही चिडू नये. विनोद कोणत्या वयाला झेपेल तेही तिथेच सांगा. उत्स्फूर्त खेळात नटाच्या तोंडून काय बाहेर पडेल याची हमी कुणी देऊ शकत नाही, मग लहान मुलांना घेऊन यायचं की नाही ते पालकांना ठरवू द्या.

परतीचा नियम सोपा ठेवा. प्रयोगाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत तिकीट परत देता येईल; ते पुन्हा विकलं गेलं तरच पैसे मिळतील. तिकीट दुसऱ्याला द्यायला हरकत नसावी, मात्र छापील दराने. असा नियम असला की काळाबाजार आपोआप मंदावतो, कारण न येऊ शकणाऱ्याला सरळ मार्ग मिळालेला असतो.

नंबर हवेत की नकोत?

शंभरपर्यंत सुट्या खुर्च्यांच्या जागेत नंबर नकोत. पहिला आला तो पुढे बसला, एवढं पुरे. त्याहून मोठ्या, ठोकलेल्या खुर्च्यांच्या सभागृहात नंबर हवेतच. नाहीतर रुमाल सुरू होतात. एक मनुष्य लवकर येतो आणि रुमाल, पिशवी, ओढणी, पाण्याची बाटली टाकून नऊ खुर्च्या अडवतो. नंबर नसलेल्या प्रयोगात हे रोखायचं तर दारातच सांगा की जितकी माणसं हजर तितक्याच खुर्च्या, आणि आत उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला रुमाल उचलायचा अधिकार द्या. तो स्वयंसेवक शक्यतो दुसऱ्या मोहल्ल्यातला असावा.

नंबर नसतील तर मागच्या रांगांना दोर लावून ठेवा. पुढच्या भरल्याशिवाय मागचा दोर सोडायचा नाही. लोक आपणहून मागे आणि कडेला बसतात, कारण त्यांना भीती असते की पुढे बसलं तर नट वर ओढून नेतील. ही भीती तिकिटावरच काढून टाका: ‘कुणालाही त्याच्या मर्जीविरुद्ध रंगमंचावर बोलावलं जाणार नाही.’ आणि मग तो शब्द पाळा. हात वर केलेल्यालाच बोलवायचं. लष्करात सगळे सगळ्यांना ओळखतात. समोर बसलेल्या बाईंच्या आडनावावर, जातीवर, सासर-माहेरावर केलेली कोटी दुसऱ्या दिवशी सराफ्यापर्यंत पोचलेली असते.

वयस्कर प्रेक्षकांसाठी चौथ्या-पाचव्या रांगेतल्या, वाटेलगतच्या खुर्च्या बाजूला काढा आणि विक्रीच्या वेळीच विचारा: ‘आजींना पायऱ्या चढता येतात ना?’ चाकाच्या खुर्चीसाठी जागा आहे का, दारात उंबरठा किंवा पायऱ्या किती, हे सभागृह ठरवायलाच जाल तेव्हा बघून या. ऐकायला कमी येणाऱ्यांना ध्वनिवर्धकाच्या अगदी पुढ्यात बसवू नका. तिथे आवाज फुटतो आणि शब्द हरवतो.

प्रेक्षागृहात पूर्ण अंधारही नको. नटाला पाचव्या-सहाव्या रांगेपर्यंतचे चेहरे दिसतील इतपत उजेड राहू द्या. शब्द देणारा कोण हे दिसलं तर नट त्याच्याशी बोलू शकतो.

दारातला अर्धा तास

दारातलं गणित आधी करा. एक माणूस एका दारात तिकीट बघून, फाडून, रांग सांगून मिनिटाला आठेक लोक आत सोडतो असं धरा. अडीचशे लोकांना अर्ध्या तासाहून जास्त लागेल. तेवढ्यात साडेसहाचे सात होतात. दोन दारं उघडली, किंवा एका दारात एकाने तिकीट फाडायचं आणि आतल्या दुसऱ्याने रांग दाखवायची असं केलं, तर काम अर्ध्या वेळात होतं. आपल्या दारात घड्याळ लावून एकदा मोजाच, कारण मोबाइलवरचं तिकीट शोधायला लोकांना कागद काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तिकीट मोबाइलवर उघडून ठेवा असं सांगणारा एक माणूस रांगेच्या शेपटाकडे फिरत राहिला तर फार फरक पडतो.

रांगेतला वेळ वाया घालवू नका. प्रत्येकाच्या हातात कोरी चिठ्ठी द्या: ‘एक जागा लिहा’, ‘एक नातं लिहा’. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि तोच डबा रंगमंचावर जायचा. रांगेतल्या लाजऱ्या मुलीची चिठ्ठी निघून तिच्यावर प्रवेश उभा राहिला की ती पुढचे चार प्रयोग सोडत नाही. शिवाय ओरडून शब्द देणाऱ्या त्याच त्या तिघांची मक्तेदारी मोडते.

उरलेल्या तिकिटांसाठी आलेल्यांची वेगळी रांग करा, त्यांना नंबराची टोकनं द्या, आणि किती जागा सुटण्याची शक्यता आहे ते खरंखुरं सांगा. ‘थांबा, बघू’ हे उत्तर देऊ नका. दहा जागा सुटतील असा अंदाज असेल तर पंधराव्या माणसाला तसं सांगून घरी जाऊ द्या.

तिसऱ्या घंटेला पैसे भरलेले वीस जण आले नसतील तर त्यांच्या खुर्च्या बाहेरच्यांना विकू नका. ते रस्त्यात अडकलेले असतील, खुर्ची त्यांची आहे. मात्र पुढे भगदाड ठेवूनही खेळ सुरू करू नका. मागच्या रांगांतल्यांना पुढे सरकवा. मोकळ्या खुर्च्या मागे जातात आणि उशिरा आलेले तिथे बसतात. तिकिटावर मात्र आधीच छापलेलं हवं: ‘तिसऱ्या घंटेनंतर आसनक्रमांकाची हमी नाही, जागेची आहे.’ उशिरा आलेल्याला दोन प्रवेशांच्या मधल्या टाळ्यांत आत सोडा, प्रवेश चालू असताना नाही. नट त्याची फिरकी घेतल्याशिवाय राहणार नाही, तेवढं त्याने सोसावं.

फुकट प्रयोग असेल तर नियम वेगळे. तिथे नोंदणी खुर्च्यांपेक्षा जास्त घ्यावी लागते, कारण बरेच लोक नाव नोंदवून येत नाहीत. पण नोंदणीच्या संदेशातच लिहा की सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं न आलेल्यांची जागा रांगेतल्यांना जाईल.

आणि काहीही झालं तरी वाटांमध्ये जादा खुर्च्या टाकू नका. ‘अहो, दोन स्टूल टाकू की कडेला’ असं म्हणणारे हितचिंतक हमखास भेटतात. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात आग लागली, ५९ माणसं गेली. बाल्कनीत वाढवलेल्या खुर्च्यांनी बाहेर पडायची वाट अडली होती, हे पुढे न्यायालयात स्पष्ट झालं. खेळापूर्वी सगळी दारं उघडून बघा. कुलूप असलेल्या दाराची किल्ली दारापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात हवी. व्यवस्थापकाच्या घरी असून उपयोग नाही. हाऊसफुल्लचा बोर्ड लावला की तो खरा असला पाहिजे. ओळखीच्या माणसासाठी तो एकदा वाकवला तर दुसऱ्या प्रयोगापासून त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

मागणी फारच वाढली तर मोठा हॉल घेण्याआधी एकाच संध्याकाळी दोन खेळ करून बघा, पाचचा आणि आठचा. मध्ये सभागृह रिकामं करून झाडून घ्यायला, नटांना पाणी प्यायला आणि दुसऱ्या रांगेला शिस्त लावायला तासभर लागतो. इथे इम्प्रॉव्हचा फायदा असा की दुसरा खेळ पहिल्याची नक्कल नसतो. पाचच्या खेळाचे काही प्रेक्षक आठच्या खेळाचंही तिकीट मागतात. द्या, पण आधी टोकनवाल्यांना.

खेळ संपल्यावर थकलेले असाल तरी तीन आकडे त्याच रात्री जुळवा: विकलेली तिकिटं, दारात फाडलेल्या स्थळप्रती आणि जमा झालेले पैसे. सभागृहाचा हिशेबही तिथेच मिटवा. एका वहीत लिहून ठेवा: किती विकली, किती जण आले, किती उशिरा आले, पुढच्या तीन रांगांत किती खुर्च्या मोकळ्या राहिल्या, कोणत्या दारात गर्दी तुंबली. पाच-सहा प्रयोगांनंतर या वहीवरून तुम्हाला पुढच्या प्रयोगाचा बराचसा अंदाज बसेल. दुसऱ्या गावाचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. आणि प्रेक्षक बाहेर पडत असतानाच दारात एक टेबल टाकून पुढच्या प्रयोगाची तिकिटं विकायला बसा. हसून बाहेर पडणारा माणूस तिथे पास मागत नाही, पैसे काढतो.